‘ॲझ’ म्हणजे नायट्रोजन : एका नावाची कुळकथा

गजकर्ण झाले की औषधाच्या दुकानातून क्लोट्रिमॅझोलचे मलम येते. आव पडली की मेट्रोनिडॅझोल, छातीत जळजळू लागले की पॅन्टोप्रॅझोल, आणि शाळेत जंतनाशक दिनाला मुलांना चावून खायला देतात ती गोळी अल्बेंडॅझोलची. कोरोनाच्या लाटेत ॲझिथ्रोमायसिन हे नाव तर घरोघरी पोचले. आता औषधाच्या दुकानातून बाहेर पडून कृषी सेवा केंद्रात जा. भातावरच्या करप्यासाठी ट्रायसायक्लॅझोल, मक्यातल्या आणि उसातल्या तणासाठी ॲट्राझीन, बियाण्याला चोळायला ॲझोटोबॅक्टरचे पाकीट. रोग वेगळे, पिके वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण या सगळ्या नावांत ‘ॲझ’ हा एक उच्चार घुसून बसलेला आहे.

तो योगायोगाने आलेला नाही. ‘ॲझ’ म्हणजे नायट्रोजन, आपला नत्रवायू. या पदार्थांच्या रेणूत नायट्रोजनचा अणू आहे, आणि बहुतेक वेळा तो मोक्याच्या जागी आहे, एवढी माहिती नावातच दिलेली असते. जिवाणूच्या नावात तो आला तो त्याच्या कामामुळे. पण नायट्रोजनला ‘ॲझ’ का म्हणायचे? त्यासाठी सव्वादोनशे-अडीचशे वर्षे मागे जावे लागते.

1772 साली एडिंबरोत डॅनियल रदरफर्ड नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी हवेवर प्रयोग करत होता. त्याचे गुरू जोसेफ ब्लॅक यांनी कार्बन डायऑक्साइड आधीच ओळखला होता, आणि उरलेल्या हवेचे काय ते बघायचे काम त्यांनी शिष्यावर सोपवले होते. रदरफर्डने बंद भांड्यातल्या हवेत उंदीर ठेवला. उंदीर गुदमरून मेल्यावर त्याच हवेत मेणबत्ती पेटवली, तीही विझल्यावर फॉस्फरस जाळला. ज्वलनातून आणि श्वासातून तयार झालेला वायू क्षाराच्या द्रावणात शोषून घेतला. तरीही भांड्यात भरपूर हवा शिल्लक राहिली. तिच्यात काही जळत नव्हते आणि कोणी जगतही नव्हते. रदरफर्डने तिला अपायकारक हवा म्हटले. त्याच सुमारास स्वीडनमध्ये शीले आणि इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिश व प्रीस्टली यांच्या हातीही हाच वायू लागला होता. हे स्वतंत्र मूलद्रव्य आहे हे मात्र यांच्यापैकी कोणालाच उमगले नाही.

ते ओळखले पॅरिसच्या आंत्वान लाव्हाझिएने. 1787 मध्ये गितों द मॉर्व्हो, बेर्तोले आणि फुर्क्र्वा या तीन सहकाऱ्यांबरोबर त्याने रसायनांच्या नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी पदार्थांना रंगावरून, गावावरून, कोणा वैद्यावरून पडलेली नावे चालत. गंधकाम्लाला व्हिट्रिऑलचे तेल म्हणत, अँटिमनीच्या क्लोराइडला अँटिमनीचे लोणी. अशा नावांवरून आत काय आहे याचा काही पत्ता लागत नसे. पदार्थाच्या नावाने त्याचे घटक सांगितले पाहिजेत, आणि मूलद्रव्याच्या नावाने त्याचा ठळक गुण, असा या चौघांचा आग्रह होता. रसायनशास्त्रात पुढे जे काही शिस्तीने उभे राहिले, त्याचा पाया मला या पुस्तकात दिसतो.

या वायूचा ठळक गुण कोणता? त्यात जीव जगत नाही. म्हणून ग्रीक ‘झोए’ म्हणजे जीवन याला नकाराचा ‘अ’ जोडला आणि नाव झाले ‘अझोत’, जीवनाला आधार न देणारा. हा ग्रीक ‘अ’ आपल्या अशक्य, अजाण या शब्दांतल्या ‘अ’चा सख्खा भाऊ आहे. ‘झोए’ आणि संस्कृतातला ‘जीव’ यांचे मूळही भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. म्हणजे लाव्हाझिएने दिलेले नाव आपल्याकडच्या ‘अजीव’ या शब्दाशी धातूपासून जुळते.

नावावर लगेच आक्षेप आला. ज्यात प्राणी जगत नाही असा हा एकच वायू थोडाच आहे? कार्बन डायऑक्साइडमध्येही जगत नाही, हायड्रोजनमध्येही नाही. मग हा गुण एकट्याच्या नावावर कसा लावायचा? 1790 मध्ये शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पर्याय सुचवला: ‘नित्रोजेन’, म्हणजे नाइटर घडवणारा. नाइटर म्हणजे सोरा, बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. इंग्रजीने शाप्तालचे नाव उचलले, आणि इंग्रजीतून ते आपल्याकडे आले. फ्रेंच मात्र ‘अझोत’ला चिकटून राहिले, त्यांच्या जुन्या पुस्तकांत या मूलद्रव्याची खूण ‘एन’ नव्हती, ‘एझेड’ होती. इटालियन, पोर्तुगीज, रशियन, तुर्की या भाषांत आजही नायट्रोजनला अझोतो, अझोत असेच म्हणतात. जर्मनांनी आपल्या भाषेत ‘गुदमरवणारा पदार्थ’ या अर्थाचा श्टिकश्टॉफ हा शब्द केला.

मूलद्रव्याच्या नावाची चढाओढ शाप्तालने जिंकली, पण संयुगांच्या नावांत लाव्हाझिए टिकून राहिला. नायट्रिक, नायट्रेट, नायट्रो ही शाप्तालच्या बाजूची नावे, तर ॲझो, ॲझाइड, ॲझोल, हायड्रॅझीन ही लाव्हाझिएच्या बाजूची. कधी कधी दोघेही एकाच गोळीत भेटतात. मेट्रोनिडॅझोलचे नाव फोडून पाहा. त्यातला ‘नि’ नायट्रोचा, ‘डॅझोल’ हा इमिडॅझोल या अणूंच्या कड्याचा. रेणूत नायट्रोजनचे एकूण तीन अणू: दोन कड्यात बसलेले, त्यांना जबाबदार ‘ॲझ’, तिसरा बाहेर ऑक्सिजनला धरून, त्याला जबाबदार ‘नि’. आमांश घडवणाऱ्या, ऑक्सिजनविना जगणाऱ्या जंतूच्या पेशीत गेल्यावर हा बाहेरचा नायट्रो गटच इलेक्ट्रॉन घेतो, प्रक्षोभक होतो आणि जंतूच्या डीएनएची नासधूस करतो. आपल्या पेशींत ऑक्सिजन असल्यामुळे ते तितके घडत नाही.

लाव्हाझिएच्या निरीक्षणात चूक नव्हती. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, आणि आपण तो प्रत्येक श्वासात आत घेऊन जसाच्या तसा बाहेर सोडतो. त्याचे कारण रेणूच्या बांधणीत आहे. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने धरून असतात, आणि तो तोडायला मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. इतका घट्ट बंध फार थोड्या रेणूंत आढळतो, म्हणून हा वायू कोणाच्या अध्यातमध्यात येत नाही. याचीच दुसरी बाजू ‘ॲझ’च्या साऱ्या कुळाला समजून घ्यायला उपयोगी पडते. जिथे नायट्रोजनचे दोन-तीन अणू शेजारीशेजारी, पण तिहेरी बंधापेक्षा सैल बंधांनी जोडलेले असतात, तिथे संधी मिळताच ते तिहेरी बंधाच्या जोडीत जाऊन वायू होऊ पाहतात. सोडियम ॲझाइडमध्ये असे तीन अणू रांगेत असतात. मोटारीतल्या एअरबॅगमध्ये बरीच वर्षे तोच भरत. धडक बसताच तो फुटून क्षणार्धात नायट्रोजनने पिशवी फुगे. शिशाचा ॲझाइड तर स्फोटकांना ठिणगी द्यायला वापरतात. जे बंधन हवेतल्या नायट्रोजनला थंड ठेवते, त्याच बंधनाची ओढ ॲझाइडला भडकवते.

‘ॲझ’च्या कुळाचा पहिला मोठा उपयोग मात्र स्फोटासाठी झाला नाही, रंगासाठी झाला. 1858 मध्ये पेटर ग्रीस या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ॲनिलीनच्या जातीच्या संयुगांवर नायट्रस आम्लाची क्रिया करून डायॲझो संयुगे मिळवली. ‘डाय’ म्हणजे दोन, ‘ॲझो’ म्हणजे नायट्रोजन. पुढे तो लंडनला गेला आणि 1862 पासून मरेपर्यंत बर्टन-ऑन-ट्रेंट गावातल्या एका बिअरच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ म्हणून नोकरीला राहिला. दिवसा बिअरची तपासणी, उरलेल्या वेळात डायॲझो संयुगे, असा त्याचा क्रम होता. जगातल्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून जास्त रंग आज ज्या अभिक्रियेने बनतात, ती या माणसाच्या कामातून आली.

विज्ञान शाखेच्या मुलांनी ती अभिक्रिया प्रयोगशाळेत पाहिलेली असते. परीक्षानळीत ॲनिलीन आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचे, नळी बर्फात ठेवायची, आणि थंड केलेले सोडियम नायट्राइटचे द्रावण थेंबाथेंबाने घालायचे. तापमान 0 ते 5 अंशांतच राहायला हवे. जरा वाढले की नळीतून बुडबुडे सुटतात; ते नायट्रोजनचे असतात, आणि ते गेले की प्रयोगही गेला. दुसऱ्या नळीत बीटा-नॅफ्थॉल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून ठेवलेले असते. पहिले द्रावण दुसऱ्यात ओतताच केशरी-लाल गाळ दाटून येतो. दोन रंगहीन द्रावणांतून असा रंग उभा राहताना पाहणे हा या विषयातला खरा आनंद आहे. इथे नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना कार्बनची कडी असतात. या पुलामुळे दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन सलग पसरतात, दृश्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात, आणि उरलेला प्रकाश आपल्याला रंग म्हणून दिसतो. नायट्रोजनच्या या दुहेरी पुलालाच ‘ॲझो’ गट म्हणतात.

1884 मध्ये काँगो रेड बाजारात आला. तुरटीसारखे रंगबंधक न लावता सुती कापडावर थेट बसणारा हा पहिला कृत्रिम रंग. त्यानंतर ॲझो रंगांचा पूर आला. प्रयोगशाळेतला मिथिल ऑरेंज हा ॲझो रंग. मिठाईत आणि सरबतात कायद्याने चालणारे टारट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसीन हेही ॲझो रंगच. आणि हळदीत भेसळीला वापरतात तो मेटॅनिल यलोसुद्धा ॲझोच, पण त्याला खाद्यपदार्थात परवानगी नाही. त्याची घरगुती ओळख त्याच्या ॲझो गटावरच बेतलेली आहे. हळद पाण्यात कालवून तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले की ती गुलाबी होते. त्यात पाणी वाढवल्यावर गुलाबी छटा गेली तर ती हळदीचीच होती. टिकली तर मेटॅनिल यलो आहे असे समजावे. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये 400हून जास्त खाद्यपदार्थ दुकानांतून परत मागवले गेले, ते मिरचीपुडीतल्या सुदान-1 या ॲझो रंगामुळे. ती मिरचीपूड भारतातून गेलेली होती, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

ॲझो पूल शरीरात गेल्यावर तुटू शकतो, आणि इथून गोष्ट दोन टोकांना जाते. 1930च्या दशकात जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी प्राँटोसिल या तांबड्या ॲझो रंगाने जंतूसंसर्ग झालेले उंदीर वाचवले. पण तो रंग परीक्षानळीतल्या जंतूंना काहीच करत नसे. हे कोडे 1935 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सुटले. शरीरात ॲझो पूल तुटतो आणि त्यातून सल्फॅनिलामाइड मोकळे होते. औषध ते होते, रंग त्याचे फक्त वाहन होता. सल्फा औषधांचे युग तिथून सुरू झाले. मोठ्या आतड्याच्या सुजेवर आजही वापरतात ते सल्फासॅलॅझीन याच तत्त्वावर चालते. त्यातला ॲझो पूल आतड्यातले जिवाणू तोडतात, त्यामुळे औषध नेमके जिथे हवे तिथे सुटते.

दुसरे टोक भीतीचे. काही ॲझो रंग तुटले की बेंझिडीनसारखी अमाइने सुटतात, आणि त्यांनी कर्करोग होतो. रंग कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच डॉक्टरांच्या लक्षात आले होते. जर्मनीने 1990च्या दशकात अशा रंगांच्या कापडावर बंदी घातली आणि 1997 मध्ये भारत सरकारनेही कित्येक ॲझो रंगांच्या हाताळणीवर बंदी आणली. सगळेच ॲझो रंग विषारी नाहीत. प्रश्न असतो तो पूल तुटल्यावर दोन्ही बाजूंना काय उरते याचा. ‘ॲझो-फ्री’ अशी चिठ्ठी लावलेले कपडे विकले जातात, तेव्हा त्यांना म्हणायचे असते ते या बंदी घातलेल्या अमाइनांबद्दल.

आता औषधांच्या ‘ॲझोल’कडे वळू. कार्बनच्या कड्यात एक-दोन कार्बनची जागा नायट्रोजनने घेतली, की त्या कड्याला नाव द्यायची पद्धत हांत्झ आणि विडमन या दोघांनी 1887-88 मध्ये स्वतंत्रपणे सुचवली. नाव ‘ॲझ’ने सुरू करायचे आणि शेपटीने कडे किती अणूंचे ते सांगायचे. पाच अणूंचे असेल तर ‘ओल’, सहा अणूंचे असेल तर ‘ईन’, सात अणूंचे असेल तर ‘एपीन’. म्हणून ॲझोल पाचाचे, ट्रायझीन सहाचे. ॲट्राझीनमधले ‘ट्राझीन’ हे ट्रायझीनच. तीन नायट्रोजन आणि तीन कार्बन आळीपाळीने बसलेले षट्कोनी कडे. डायझेपाम ही झोपेची आणि चिंतेवरची गोळी 1963 मध्ये बाजारात आली, तिच्या नावातही हेच दडले आहे: ‘डाय’ दोन, ‘ॲझ’ नायट्रोजन, ‘एप’ सात अणूंचे कडे.

औषधांची नावे म्हणजे लांबलचक रासायनिक नावांची छाटून केलेली रूपे, म्हणून प्रत्येक अक्षर नियमाने वाचता येत नाही. क्लोट्रिमॅझोलमध्ये ‘ट्रि’ आहे म्हणून तीन नायट्रोजन समजू नयेत. तो ‘ट्रि’ ट्रिटिल गटाचा आहे आणि नायट्रोजन दोनच. फ्लुकोनॅझोलमध्ये मात्र तीन-तीन नायट्रोजनची दोन कडी आहेत. ही दोन्ही औषधे बुरशीला कशी मारतात ते पाहिले की नावातल्या ‘ॲझ’ची किंमत कळते. बुरशीच्या पेशीचे आवरण घट्ट ठेवायला एर्गोस्टेरॉल लागते. ते बनवणाऱ्या एन्झाइमच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो. कड्यातला नायट्रोजन आपली मोकळी इलेक्ट्रॉनजोडी घेऊन त्या लोहालाच जाऊन चिकटतो. एन्झाइम अडते, एर्गोस्टेरॉल बनत नाही, आवरण फाटते. भातावर, द्राक्षावर, सोयाबीनवर फवारली जाणारी हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल ही बुरशीनाशकेही याच वाटेने काम करतात. म्हणजे त्वचेवरच्या मलमातला आणि फवारणीच्या पंपातला ‘ॲझ’ एकच काम करतो. या जवळिकीमुळेच शेतात ॲझोलांचा बेसुमार वापर झाला की माणसाला होणारी काही बुरशी औषधाला दाद देईनाशी होते, हे नेदरलँड्समध्ये दिसून आले आहे.

‘ॲझा’ हे आणखी एक रूप आहे. कड्यातल्या कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवला आहे, असे ते सांगते. ॲझिथ्रोमायसिनचे नाव तसेच पडले. एरिथ्रोमायसिन हे जुने प्रतिजैविक जठरातल्या आम्लात लवकर बिघडत असे. युगोस्लाव्हियातल्या झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये त्याच्या 14 अणूंच्या कड्यात एक नायट्रोजन घुसवून ते 15 अणूंचे केले. आम्लाने बिघडणारी जागा त्यामुळे गेली, शिवाय औषध पेशींत साठून राहू लागले. एरिथ्रोमायसिन दिवसातून चार वेळा घ्यावे लागे; ॲझिथ्रोमायसिनची दिवसाला एक गोळी, तीही बऱ्याचदा तीनच दिवस पुरते. एका अणूने एवढा फरक पडला.

अजीव म्हणून नाव ठेवलेल्या या मूलद्रव्याशिवाय एकही प्रथिन बनत नाही, डीएनएची चारही अक्षरे नायट्रोजनयुक्तच आहेत. हवेतला कोंडलेला नायट्रोजन जीवसृष्टीला मिळवून देणाऱ्या जिवाणूलाच शास्त्रज्ञांनी ॲझोटोबॅक्टर हे नाव दिले. हॉलंडमधल्या डेल्फ्टला बायेरिंक यांनी 1901 मध्ये त्याचे वर्णन केले. ज्या तिहेरी बंधासाठी खतांच्या कारखान्यात 400-500 अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब लागतो, तो बंध हा जिवाणू मातीच्या साध्या तापमानाला नायट्रोजनेज या एन्झाइमने सोडवतो. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, गहू पेरताना 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचे पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळतात आणि बियाणे सावलीत सुकवून पेरतात. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावावे, जिवाणू शेवटी. उन्हात वाळवले तर जिवाणू मरतात.

थोडी सावधगिरीही हवी, कारण ‘ॲझ’ दिसला की नायट्रोजन असेलच असे नाही. निंबोळी अर्कातल्या ॲझाडिरॅक्टिनमध्ये नायट्रोजनचा एकही अणू नाही. ते नाव कडुनिंबाच्या फारसी ‘आझाद दरख्त’ या नावावरून आले आहे. जनावरांना खाऊ घालतात त्या ॲझोला वनस्पतीच्या पानांत नायट्रोजन स्थिर करणारे शैवाल राहते, तरी नावाचा अझोतशी संबंध नाही. ते कोरडे पडणे आणि मरणे या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून केलेले आहे. पाण्याबाहेर ती लगेच मरते म्हणून.

अकरावी-बारावीला नामकरणाचे नियम शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. नियमांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना घरातली औषधांची रिकामी पाकिटे आणि शेतीच्या औषधांच्या दुकानातली माहितीपत्रके आणायला सांगा. त्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या मूळ नावांतला ‘ॲझ’ त्यांना अधोरेखित करू द्या, आणि मग त्या रेणूंची चित्रे काढून नायट्रोजन कुठे बसला आहे ते त्यांनाच शोधू द्या.